सायकल टूरिंगचं अ‍ॅल्युमिनियम कॅरिअर: आधी कोकण, मग चिलीचे ज्वालामुखी (वापरानंतरचा अनुभव)

दुकानाचं शेवटचं उत्तर परवा आलं, तुटलेल्या कॅरिअरची वॉरंटी मिळणार नाही. कारण काय, तर "खराब रस्त्यावर जास्त वजन लादून वापर". म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, कारण हे कॅरिअर घेताना मी जे जे रिव्ह्यू वाचले होते त्यातल्या एकानेही ते खडीच्या रस्त्यावर नेलेलं नव्हतं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, याच किमतीतली तीन-चार कॅरिअर एकाच साच्यातली दिसतात त्यामुळे नावाने फार फरक पडेल असं वाटत नाही. डब्यावर २५ किलो छापलंय. माझ्या दोन पॅनियर (कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) आणि वरचा तंबू मिळून १७ किलोच्या आसपास होतं, काट्यावरचा फोटोसुद्धा दुकानाला पाठवला, त्यावर एक अक्षर उत्तर नाही. ४२०० रुपये दिलेत मी, फुकट नाही मिळालेलं.

आधी चांगलं सांगते, कारण सुरुवातीचे काही महिने मी स्वतः लोकांना हे घ्या म्हणून सांगत होते. वजनाला हलकं, रंग चांगला, पॅनियरचे हुक एकदम फिट बसतात, टाच लागत नाही. पुण्याहून ताम्हिणीतून खाली कोकणात, वरंध्याने वर, पावसात, खड्ड्यांत, कुठे कुरकुर नाही. तेव्हा कोणी विचारलं असतं तर पाचात पाच दिले असते. ताईच्या सायकलला मात्र फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेलं स्टीलचं कॅरिअर आहे, ९०० रुपयांचं, माझ्या दुप्पट जड, आणि मी तिला सारखं म्हणायचे की अगं हे लोखंड बदल आता.

मग जानेवारीत आम्ही दोघी चिलीला गेलो. सँटियागोहून रात्रीच्या बसने टेमुको, तिथून कुराकाउतिन, आणि तिथून सायकल. हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अँडीजच्या पायथ्याशी बर्फाची टोपी घातलेले ज्वालामुखी ओळीने उभे आहेत, प्रत्येकाच्या पायाशी एकेक तलाव, मधे सगळं जंगल. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, त्यावर माती आली, गवत आलं, देवळं आली. इथे कोनगियो नॅशनल पार्कात याइमाचा लाव्हा अजून काळा, धारदार, वर फक्त शेवाळ, आणि हा याइमा (३१२५ मीटर) २००८ च्या १ जानेवारीलाच परत पेटला होता. कोनगियो तलाव सुद्धा लाव्हाने नदी अडवली म्हणून झालेला. काठावर अरौकारिया, म्हणजे छत्रीसारखी उंच उंच झाडं, हजार वर्षांच्या वर जगणारी, चिलीत ती तोडायला कायद्याने बंदी आहे. पहिल्या संध्याकाळी तलावाकाठी तंबू लावला आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ काही बोललोच नाही, इतकं सुंदर आहे ते.

आणि त्याच पार्कात कॅरिअरचं सुरू झालं.

तिथल्या खडीच्या रस्त्याला रिपियो म्हणतात. खडीचं काही नाही, आपल्याकडेही खडी आहे. त्रास होतो तो गाड्यांच्या चाकांनी रस्त्यावर उठलेल्या आडव्या लाटांचा, किलोमीटरच्या किलोमीटर, छपराच्या पन्हाळी पत्र्यावरून सायकल चालवल्यासारखं. खड्डा एकदा बसतो आणि संपतो, या लाटा मात्र सेकंदाला कितीतरी वेळा त्याच जागी ठोकतात, आणि पॅनियर नुसत्या वरखाली होत नाहीत, आडव्याही झुलतात, तो सगळा झोल कॅरिअरच्या खालच्या पायात जातो, जिथे एक ५ मिलिमीटरचा बोल्ट आणि त्याच्या वर वेल्डिंग आहे. लागुना काप्त्रेनच्या पुढे मागून टकटक आवाज यायला लागला. बोल्ट ढिला. आवळला. तासाभराने परत ढिला. दुसऱ्या दिवशी पार्कातून मेलिपेउकोकडे उतरताना डाव्या पायाच्या वेल्डिंगजवळ केसासारखी रेघ दिसली. मी नखाने घासून पाहिली, रंग उडाला असेल असं वाटलं, पण नख अडकलं.

इथे जरा तांत्रिक लिहिते, ज्यांना नको त्यांनी पुढे जा. स्टीलमध्ये ताण एका मर्यादेच्या खाली राहिला तर ते जवळजवळ कितीही हादरे खातं. अ‍ॅल्युमिनियमला तशी खालची मर्यादाच नाही, छोटे छोटे हादरेही मोजले जातात, आणि कधीतरी मोजणी भरते. त्यात वेल्डिंगच्या शेजारची जागा उष्णतेने नरम झालेली असते, म्हणून तडा नेहमी तिथेच जातो. म्हणजे २५ किलो हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण तो कुठल्या रस्त्यावर हे डब्यावर कुठेच लिहिलेलं नाही, आणि "टूरिंग" असा शब्द छापून विकायचं असेल तर ते लिहायला पाहिजे. दुकानाला मी हेच लिहिलं. तेही तीन वेळा मेल करून.

मेलिपेउकोच्या हार्डवेअर दुकानात दोन जुबली क्लिप (पाइपवर आवळायच्या धातूच्या पट्ट्या) घेतल्या, काटकीचा तुकडा तड्यावर आधाराला बांधला आणि पुढे निघालो. व्हियारिका गावापासून लिकान रे, कोन्यारिपे, पांगिपुयी हा सगळा डांबरी रस्ता आहे, एका तलावाकडून दुसऱ्या तलावाकडे, त्यामुळे काही झालं नाही. व्हियारिका ज्वालामुखीच्या विवरात उघडा लाव्हा असतो, जगात असे फार थोडे आहेत, रात्री ढग नसले तर वर लालसर दिसतं, आणि पुकोन गावात धोक्याची पातळी दाखवायला चक्क ट्रॅफिक सिग्नलसारखा दिवा आहे. ३ मार्च २०१५ ला पहाटे तो जोरात उडाला होता. कोन्यारिपेत लोक अजून १९६४ चं सांगतात, चिखल आणि बर्फाचा लोंढा गावावरून गेला होता ते. असं असून माणसं तिथेच राहतात, दारात हायड्रेंजियाची झुडपं लावतात, घरात लाकूड रचून ठेवतात. मला फार आदर वाटला त्यांचा.

या टप्प्यात माझा राग बराच उतरला होता, खरं सांगते. आठवड्याभर क्लिप जागची हलली नाही म्हणून मी मनात ठरवलं होतं की तीन स्टार देऊ, रिपियोला नेऊ नका असं लिहू आणि विषय संपवू.

पुएर्तो फुईहून पिरिवेइको तलावावर बार्ज आहे, गाड्या आणि सायकली घेऊन साधारण दीड तासात पलीकडे सोडते, दोन्ही बाजूंना नुसतं जंगल, हा प्रवास अजिबात चुकवू नका. पलीकडे उआ उम नाका, मग अर्जेंटिना, आणि तिथून सान मार्तिन दे लोस आंदेसपर्यंत परत रिपियो, लाकार तलावाच्या काठाकाठाने चढउतार. धूळ, उन्हं, आणि ताबानो, म्हणजे मोठ्या गोमाश्या, गडद कपड्यांवर तुटून पडतात, जानेवारीत जाणार असाल तर पांढरे कपडे न्या. एका उतारावर कटकन आवाज आला आणि डावी पॅनियर चाकाच्या आऱ्यांकडे झुकली. ताई मागे होती, ती ओरडली म्हणून मी वेळेत थांबले. पाय पूर्ण तुटला होता. पॅनियर आऱ्यांत गेली असती तर त्या उतारावर काय झालं असतं याचा विचार मला अजून करवत नाही, आणि वॉरंटी नाकारणाऱ्या माणसाला मी हेच फोनवर सांगत होते की प्रश्न ४२०० रुपयांचा नाही, तर तो म्हणाला मॅडम पॉलिसी आहे.

सान मार्तिनमध्ये एका गॅरेजवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी हातात घेतलं, नखाने टिचकी मारली, मान हलवली. त्यांच्याकडे साधं आर्क वेल्डिंग, त्याने अ‍ॅल्युमिनियम जुळत नाही, त्याला टिग मशीन लागतं. मग त्यांनी ताईच्या सायकलकडे बोट केलं आणि म्हणाले हे असतं तर पाच मिनिटांचं काम. ताईच्या ९०० रुपयांच्या कॅरिअरवर तोपर्यंत रंग उडण्यापलीकडे काही झालेलं नव्हतं. काकांनी लोखंडी पट्टी वाकवून, भोकं पाडून, दोन्ही बाजूंनी बोल्टने कसून बसवून दिली, पैसे अगदी थोडे घेतले आणि आम्हाला माते, म्हणजे तिथला चहासारखा काढा, पाजला. चव कडू, पण आम्ही दोघींनी आनंदाने प्यायला.

एक गोष्ट मात्र या सगळ्यातून फारच चांगली निघाली. काकांच्या सल्ल्याने मी जड सामान, म्हणजे स्टोव्ह, इंधन, हत्यारं, तांदूळ, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बसणाऱ्या कॅरिअरवर टाकलं, मागे फक्त कपडे आणि तंबू ठेवला. सायकल एकदम शांत झाली. उतारावर हँडल थरथरायचं ते बंद, चढावर उभं राहून मारलं तरी मागचं शेपूट हलत नाही. आम्ही २ इंची टायर ३५ पीएसआयच्या आसपास प्रेशरवर चालवत होतो तेही बरोबर ठरलं, कोकणात मला ते जड वाटायचे, आता याहून बारीक टायर मी टूरला लावणार नाही.

सिएते लागोसचा रस्ता आता पूर्ण डांबरी आहे, सान मार्तिन ते व्हिया ला आंगोस्तुरा साधारण ११० किलोमीटर, सात तलाव, प्रत्येकाचं पाणी वेगळ्या निळ्या रंगाचं. वाटेत आरोयो पार्तिदो नावाचा ओढा आहे त्याचे दोन फाटे होतात, एकाचं पाणी पॅसिफिकला जातं, दुसऱ्याचं अटलांटिकला. ताईने तिथे अर्धा तास काढला, दोन्ही फाट्यांत एकेक पान सोडत होती. पुढे कार्देनाल सामोरे खिंडीतून परत चिली, चढ तेराशे मीटरपर्यंत, कडेला प्युमिसचे, म्हणजे ज्वालामुखीच्या हलक्या सच्छिद्र दगडाचे ढीग, २०११ मध्ये कोर्दोन काउये ज्वालामुखी उडाला त्याचे. हाच डोंगर १९६० च्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर दोन दिवसांच्या आत फुटला होता. नाक्यावर चिलीवाले फळं, मध असलं काही आत नेऊ देत नाहीत, फॉर्मवर सगळं खरं लिहा, दंड मोठा आहे.

शेवटी यांकिवे तलाव आणि समोर ओसोर्नो, २६५२ मीटर. एन्सेनादाकडे सायकलसाठी वेगळी पट्टी आहे. शेजारचा कालबुको ज्वालामुखी २०१५ च्या एप्रिलमध्ये उडाला तेव्हा त्या गावात राखेच्या वजनाने छपरं पडली होती, आता परत सगळं बांधलंय, बेकरीत कुखेन, म्हणजे जर्मन केक मिळतो, जर्मन वस्तीचा वारसा, रासबेरीचा घ्या.

आता निकाल. कॅरिअरला एक स्टार, तोही हुक चांगले बसतात म्हणून. फक्त डांबरी रस्त्यावर हलकं सामान घेऊन फिरणार असाल तर कदाचित वर्षानुवर्षं टिकेल, पण मग स्वस्तातलं घ्या, ४२०० कशाला. रिपियो, नर्मदेकाठचे कच्चे रस्ते, लडाख असं काही डोक्यात असेल तर स्टीलच घ्या. मी ताईच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे तसंच करायला टाकलंय, त्याचा भाव आता ११०० झालाय. बोल्टला आतून नायलॉक नट (हादऱ्याने सहज ढिला न होणारा) लावा, निळं लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) लावा, चार जास्तीचे बोल्ट आणि दोन जुबली क्लिप बरोबर ठेवा आणि रोज संध्याकाळी तंबू लावायच्या आधी चारही बोल्ट हाताने तपासा.

वॉरंटीचं मी सोडलेलं नाही, ग्राहक आयोगात तक्रार करतेय, बिल, काट्याचा फोटो आणि तुटलेला पाय जपून ठेवलाय. याच किमतीतलं कोणाचं असंच तुटलं असेल तर वेल्डिंगच्या जागेचा जवळून फोटो काढून ठेवा आणि मला कळवा, एकत्र तक्रार टाकू.