कुराणातून येशूची ओळख करून द्यायला शिकवणारा ऑनलाइन कोर्स: पाचपैकी तीन स्टार, का ते सविस्तर

कोर्स संपून तीन आठवडे झाले, मुद्दामच थांबले होते, कारण लगेच लिहिलं असतं तर सगळा राग त्यात उतरला असता आणि ते बरोबर झालं नसतं. कोर्सचं नाव देत नाहीये. याच पद्धतीचे बरेच कोर्स आहेत आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. आधी मी कोण ते सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी ख्रिस्ती आहे, रोज वचन वाचणारी आहे, आणि प्रभू येशू माझ्यासाठी कोण आहे हे माझ्या जवळच्या मुस्लिम मैत्रिणीला सांगता यावं असं मला खूप दिवसांपासून मनापासून वाटत होतं. पण बोलायला बसलं की एकतर मी गप्प व्हायचे नाहीतर वाद व्हायचा. म्हणून कोर्स केला.

सहा आठवडे, आठवड्याला दोन व्हिडिओ, एक वर्कबुक, आणि आठवड्यातून एकदा जोडीने सराव करायचा व्हिडिओ कॉल, एवढं मिळतं. व्हिडिओचा आवाज कधी मोठा कधी बारीक, सबटायटल्समध्ये आयतींचे नंबर दोनदा चुकलेत, बाकी तांत्रिक बाजू ठीक. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिले दोन आठवडे खरंच खूप चांगले आहेत, हे आधी सांगायलाच हवं. मी लहानपणापासून एवढंच ऐकत आले होते की "ते येशूला मानत नाहीत", विषय संपला. आणि इथे पहिल्याच व्हिडिओत कळलं की कुराणात नाव घेऊन उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे येशूची आई मरियम, १९वी सूरह म्हणजे अध्याय तिच्याच नावाचा आहे, येशूला तिथे ईसा म्हणतात आणि 'अल-मसीह' हीच पदवी आहे, कुमारीपोटी जन्म आहे, आंधळ्याला आणि कुष्ठरोग्याला बरं करणं आहे, मेलेल्यांना उठवणं आहे (तिथे प्रत्येक वेळी "अल्लाहच्या परवानगीने" असं म्हटलंय, हे महत्त्वाचं), आणि बहुतेक मुसलमान ईसा परत येणार असंही मानतात. ४:१७१ मध्ये (म्हणजे चौथ्या सूरहच्या १७१व्या आयतीत) त्याला अल्लाहचा 'कलिमा' म्हणजे शब्द म्हटलंय. हे ऐकल्यावर योहानाच्या शुभवर्तमानातलं "प्रारंभी शब्द होता" डोक्यात वाजल्याशिवाय राहत नाही, मी तर व्हिडिओ थांबवून बसले होते थोडा वेळ.

'अल्लाह' शब्दाबद्दलचा भागही छान केलाय. अरबी बोलणारे ख्रिस्ती देवाला अल्लाहच म्हणतात, अरबी बायबलमध्येही तोच शब्द आहे, मलय आणि इंडोनेशियन बायबलमध्येही. मलेशियात या एका शब्दावरून कोर्टात किती वर्षं भांडण चाललं तेही सांगितलंय, २०१३ मध्ये एका कॅथलिक साप्ताहिकाच्या विरोधात निकाल लागला आणि २०२१ मध्ये हायकोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये ख्रिस्ती लोकांना तो शब्द वापरायची मुभा दिली. आपल्या मंडळीत अजूनही कितीतरी जणांना वाटतं की तो शब्द तोंडातून काढला तरी पाप लागेल, त्यांनी निदान हा एक व्हिडिओ तरी बघावा.

आता तिसरा आठवडा, जिथून माझी अडचण सुरू झाली.

इथे मुख्य पद्धत शिकवतात. मिशनच्या कामात ती 'कॅमल' नावाने ओळखली जाते आणि बांगलादेशातल्या कामाच्या अनुभवातून ती पुढे आली. कुराणातला ३:४२ ते ३:५५ एवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातून चार मुद्दे काढायचे: मरियमेची निवड, देवदूतांनी केलेली घोषणा, ईसाचे चमत्कार, आणि सार्वकालिक जीवनाची वाट. शेवटची ३:५५ आयत आली की थांबायचं. तिथे अल्लाह ईसाला म्हणतो की मी तुला माझ्याकडे उचलून घेणार आहे, तर आता प्रश्न विचारायचा, "जो स्वतः स्वर्गात आहे त्यालाच तिथली वाट माहीत असेल ना?" आणि मग इंजील, म्हणजे येशूची सुवार्ता असलेला ग्रंथ, उघडायची. सरावाच्या कॉलवर हे इतकं गुळगुळीत होतं की विचारू नका, माझी जोडीदारीण मुस्लिम बाईची भूमिका करायची आणि प्रत्येक वेळी बरोबर त्याच ठिकाणी "हो खरंच की" म्हणायची.

मग मी मैत्रिणीसमोर बसले. तिने तिचं कुराण आणलं, वजू करून (नमाजाआधी करतात तसे हातपाय-तोंड धुऊन) आली, आदराने उघडलं, मी मोबाईलवर भाषांतर लावलं. तिने सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मी ३:५५ ला थांबले आणि माझा प्रश्न विचारला, तेव्हा ती म्हणाली, "अगं मग थांबलीस का? अजून चार आयती वाच ना." वाचल्या. ३:५९ मध्ये म्हटलंय की अल्लाहजवळ ईसाचं उदाहरण आदमसारखं आहे, त्याला मातीपासून घडवलं आणि म्हटलं 'हो', आणि तो झाला. म्हणजे बापाविना जन्म झाला म्हणून तो देव ठरत नाही, आदमलाही बाप नव्हता. माझ्या वर्कबुकात ज्या मुद्द्यावर अख्खा एक धडा होता त्याचं उत्तर त्याच पानावर, चार ओळी खाली होतं, आणि कोर्सने मला ते वाचायलाच लावलं नव्हतं.

ती चिडली नाही. पण तिने विचारलं, "तुला हे माहीत होतं का?" मला नव्हतं, आणि ते सांगताना मला जे वाटलं ते कुठल्या शत्रूलाही वाटू नये. कारण तिच्या दृष्टीने दोनच शक्यता होत्या, एक तर मी तिचा ग्रंथ न वाचता तिला शिकवायला आले होते, किंवा वाचून लपवत होते.

घरी येऊन मी तो भाग पूर्ण वाचला, मागचं पुढचं सगळं, त्यावर मुस्लिम विद्वान काय म्हणतात तेही बघितलं. आणि जे मिळालं ते कोर्समध्ये असायलाच हवं होतं. मुस्लिम परंपरेप्रमाणे या सूरहचा हा सगळा सुरुवातीचा भाग नजरानच्या ख्रिस्ती लोकांशी जोडलेला आहे. नजरान म्हणजे अरबस्तानाच्या दक्षिणेकडचं, तिथून ख्रिस्ती लोकांचं एक शिष्टमंडळ मदीनेला पैगंबरांना भेटायला आलं होतं, येशू कोण यावर बोलणं झालं, पटलं नाही, आणि त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्यांना मशिदीतच प्रार्थना करू दिली असं पैगंबरांच्या जुन्या चरित्रात आहे. म्हणजे बघा, आपण ज्या आयती 'पूल' म्हणून वापरतोय त्या मुळातच ख्रिस्ती लोकांशी झालेल्या बोलण्यातल्या आहेत, आणि त्या आपल्याला उत्तर देतायत! हे कळल्यावर चौदा आयती कापून घेऊन त्यांच्यातून उलटंच म्हणणं काढणं किती विचित्र आहे ते लक्षात येतं. आणि थोडंच पुढे ३:६४ आहे, "हे ग्रंथधारकांनो (म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांनो), आपल्या दोघांत समान असलेल्या एका गोष्टीकडे या". याच आयतीवरून २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी पोप आणि इतर ख्रिस्ती पुढाऱ्यांना खुलं पत्र लिहिलं होतं, देवावर प्रेम आणि शेजाऱ्यावर प्रेम या दोन आज्ञांवर. सामायिक विश्वासावर कोर्स आहे आणि त्यात हे पत्र नाही!

क्रूसाचा विषय तर आणखी कच्चा. ३:५५ मध्ये 'मुतवफ्फीक' असा शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'पूर्ण घेणं' असा अर्थ आहे आणि कुराणात तो बऱ्याच ठिकाणी मृत्यूसाठी येतो, म्हणून कोर्समध्ये सांगतात की बघा कुराणही येशूचा मृत्यू मानतं. पण ४:१५७ स्पष्ट म्हणते की त्यांनी त्याला मारलं नाही, वधस्तंभावर दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. बहुतेक मुस्लिम अभ्यासक दोन्ही आयती एकत्रच वाचतात. आमच्या पाचव्या आठवड्यात ४:१५७ ला मिळाले जेमतेम दोन मिनिटं आणि सल्ला काय, तर "हा विषय सुरुवातीला टाळा". अहो वधस्तंभ टाळून मी कुठली सुवार्ता सांगणार? माझ्या विश्वासाचं सगळं वजन तिथेच आहे. तो विषय उशिरा काढला तर मैत्रिणीला वाटणार की मी आधी गोड बोलून मग खरं काढलं, आणि तिचं चुकणारही नाही.

"इंजीलमध्ये मार्गदर्शन आणि प्रकाश आहे" (५:४६) हे दाखवून झालं की समोरचा बायबल मान्य करेल असंही कोर्स गृहीत धरतो. नाही हो. मूळ इंजील वेगळी होती आणि आजची बदललेली आहे, हे 'तहरीफ'चं म्हणणं शेकडो वर्षं जुनं आहे. १८५४ मध्ये आग्र्याला याच विषयावर मिशनरी फांडर आणि मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांचा जाहीर वाद झाला होता, दोन दिवस, आणि कैरानवींच्या बाजूने युरोपातल्याच बायबल-अभ्यासकांची पुस्तकं पुढे केली गेली, आणि फांडर त्यासाठी तयारीनिशी आले नव्हते. आज आपल्यालाही तेच प्रश्न येतात, आणि पाठभेद, हस्तलिखितं याबद्दल चार प्रामाणिक गोष्टी सांगता यायला हव्यात, एका आयतीवर ते भागत नाही.

सगळं वाईटच नाही हं. चौथ्या आठवड्यात शब्दांबद्दलचा धडा आहे तो मला फार उपयोगी पडला. 'देवाचा पुत्र' म्हटलं की मुस्लिम कानाला शारीरिक अर्थ ऐकू येतो, कुराणातली ११२वी सूरह रोज म्हटली जाते, "त्याने जन्म दिला नाही आणि तो जन्मला नाही", त्यामुळे हा धक्का किती खोल बसतो ते नीट समजावलंय. मग काही भाषांतरकारांनी 'पिता' आणि 'पुत्र'च्या जागी दुसरे शब्द घातले, त्यावरून ख्रिस्ती जगातच मोठा वाद पेटला आणि २०१३ मध्ये जागतिक पातळीच्या एका समितीने सांगितलं की हे शब्द थेट कुटुंबातल्या नात्याच्या शब्दांनीच भाषांतरित करा, समजावून सांगायचं ते वेगळं सांगा. कोर्सनेही तीच बाजू घेतलीये आणि मला ती पटते. फक्त मग मनात येतं, शब्द लपवायचे नाहीत हे ज्यांना कळतं त्यांना आयती लपवायच्या नाहीत हे का कळू नये?

आणखी एक तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. कोणी विश्वास ठेवला तर त्या माणसाचं पुढे काय होतं, घर, लग्न, आईवडील, ज्या समाजात तो वाढला तो समाज, यावर सहा आठवड्यांत एक धडा नाही. सगळी तयारी पहिल्या संभाषणाची. ज्याला सगळं सोडावं लागू शकतं त्याच्याशी आपण बोलतोय याची जाणीव नसेल तर आपण बोलूच नये असं मला वाटतं. मी फीडबॅकमध्ये हे लिहिलंय.

इतिहासाचा बोनस व्हिडिओ मात्र चुकवू नका. त्यात तिमथी पहिला हा पूर्वेकडच्या मंडळीचा प्रमुख आहे, जो साधारण ७८१ च्या सुमारास बगदादच्या खलिफा अल-महदीसमोर बसून दोन दिवस विश्वासावर बोलला. खलिफाने त्याला पैगंबरांबद्दल काय वाटतं ते विचारलं तर तो आदराने बोलला, आणि त्रैक्य, वधस्तंभ काहीच मागे ठेवलं नाही. शेवटी तो एक दाखला देतो: अंधाऱ्या घरात रात्री एक मोती पडतो, सगळे शोधायला धावतात, कोणाच्या हाती मोती लागतो, कोणाच्या काच, कोणाच्या दगड, आणि प्रत्येकाला वाटतं मोती माझ्याकडेच आहे, उजाडल्यावर कळेल. आणि तो ठामपणे सांगतो की मोती आपल्याकडे आहे असं आपण का मानतो. साडेबाराशे वर्षांपूर्वी, ज्याच्या हातात सत्ता त्याच्या समोर. मला हा माणूस अख्ख्या कोर्सपेक्षा जास्त शिकवून गेला.

तर घ्यावा का? ज्यांना इस्लामबद्दल काहीच माहीत नाही, मनात भीती किंवा चीड आहे, त्यांनी पहिले दोन आठवडे आणि चौथा जरूर करावा. तिसरा आठवडा करायचा असेल तर आधी कुराणातली तिसरी सूरह स्वतः वाचा, सगळ्या २०० आयती, भाषांतर कुठलंही चालेल पण पूर्ण. पाळकांनी हा कोर्स मंडळीत चालवायचा असेल तर एखाद्या जाणकार मुस्लिम व्यक्तीला बोलवून तेच धडे त्यांना दाखवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

मैत्रिणीचं सांगायचं राहिलं. मी तिची माफी मागितली आणि सांगितलं की हो, तू माझ्या प्रभूला ओळखावंस अशी माझी इच्छा आहे, ती मी लपवणार नाही. ती म्हणाली, तू कुराण मानावंस अशी माझीपण आहे. आता आम्ही दोघी एक आठवडा तिचा भाग, एक आठवडा माझा असं वाचतो, अट एकच, अध्याय अर्ध्यावर सोडायचा नाही. मागच्या वेळी सूरह मरियम पूर्ण झाली. या वेळी योहानाचा पहिला अध्याय आहे, आणि तिने आधीच पेन्सिलने "शब्द" खाली रेघ मारून बाजूला तीन प्रश्नचिन्हं काढून ठेवलीयेत.