440 गोळ्यांचा डबा, नऊ महिने आणि नळीचा शेवटचा इंच

मागच्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर एका नवीन मराठी मुलाने त्याच्या मोसिनची, म्हणजे जुन्या रशियन रायफलची, नळी मला दाखवली. आत टॉर्च मारला तर गंजाच्या तांबूस रेघा. तो म्हणाला, "दादा, मी त्याच रात्री तेल लावलं होतं हो." नऊ महिन्यांपूर्वी दुकानदारासमोर मी अगदी हेच वाक्य बोललो होतो, म्हणून आता सगळं लिहूनच काढतो.

माझ्याकडे मोसिन-नागां 91/30 आहे, इझेव्स्कची, 1942 सालची, युद्धानंतर सोव्हिएत डेपोत दुरुस्त झालेली. 2013 मध्ये इथे ह्यूस्टनला घेतली, सोबत 7.62×54आर गोळ्यांचा एक सीलबंद पत्र्याचा डबा. 440 गोळ्या, 90 डॉलरच्या आत. म्हणजे गोळीमागे वीस सेंट. डबा इतकी वर्षं तसाच पडून होता. गेल्या वर्षी उघडला तेव्हा आत वीस-वीस गोळ्यांच्या कागदी पुड्या, वाण्याकडच्यासारख्या सुतळीने बांधलेल्या, आणि सत्तरच्या दशकातला माल असूनही एकाही पुंगळीवर डाग नाही. आजवर 300 झाडल्या, एकही फुसकी निघाली नाही. याबद्दल मात्र मी मनापासून शाबासकी देईन. हे प्रायमर, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोप्या, दशकानुदशकं टिकतात, म्हणूनच सोव्हिएत सैन्याने ते इतकी वर्षं सोडले नाहीत.

पहिल्या शनिवारी तीन पुड्या संपवल्या. घरी येऊन नेहमीचं सॉल्व्हंट, पितळी ब्रश, मग चिंदीवर चिंदी. एनसीसीत उस्तादांनी हाताला लावलेली सवय आहे, शेवटची चिंदी पांढरी निघेपर्यंत मी थांबत नाही. तेलाचा हात दिला आणि रायफल गॅरेजमधल्या कपाटात ठेवली. पुढच्या शनिवारी सहज एक चिंदी फिरवली तर ती गेरूसारखी बाहेर आली.

मी तडक दुकानात गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे सांगितलं की माल थोडाफार करोसिव्ह, म्हणजे गंज आणणारा, असतो, तेल जरा जास्त लावा. तेल जास्त! मला त्या गंजापेक्षा या उत्तराचा संताप अजून येतो. विकताना त्याने एक शब्द काढला नव्हता, आणि विचारल्यावर दिलेला सल्ला साफ चुकीचा होता. पैसे परत मागितले तर म्हणे डबा उघडलेला आहे. मी पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलेलं नाही.

चूक कुठे होते ते नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच अडतं. या गोळ्यांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते पेटलं की ऑक्सिजन देतं आणि मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे सरळसरळ मीठ आहे, स्वयंपाकघरातल्या मिठाचं सख्खं भावंड. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तेच नळीत होतं. हवेतली आर्द्रता साधारण 85 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातली पहाट बहुतेक वेळा त्याच्या वरच असते. माझ्या गॅरेजला एसी नाही. फिनिक्सला राहणारा माझा मित्र याच गोळ्या झाडून दोन दिवस रायफलला हात लावत नाही आणि त्याचं काही बिघडत नाही, त्याचं कारण एवढंच.

मीठ तेलात विरघळत नाही. पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटमध्येही नाही. काजळी निघते, चिंदी पांढरी येते, आणि मीठ पोलादाच्या बारीक खाचांत तसंच राहतं. वरून तेल लावलं की आपण त्याच्यावर पांघरूण घालतो, बस्स. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने 1922 मध्येच तेलाच्या थराखाली गंज कसा चढतो यावर अहवाल काढून हे मीठच कारण असल्याचं दाखवलं होतं. शंभर वर्षं झाली, आणि दुकानदार अजून "तेल लावा" म्हणतो.

मला कुणाच्या सांगण्यावर भरवसा उरला नव्हता, म्हणून तीन खिळे घेतले. तिन्ही पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. दोघांवर झाडून आल्याबरोबरची मळकी चिंदी चोळली. त्यातल्या एकाला नुसतं तेल, दुसऱ्याला गरम पाण्याने धुऊन, पुसून मग तेल. तिसऱ्याला काही न चोळता तेल. तिन्ही गॅरेजमध्ये, पाण्याच्या वाटीशेजारी. चौथ्या दिवशी पहिला तांबडा होता. दुसरा आणि तिसरा शेजारी ठेवल्यावर कोणता कुठला ते मला चिठ्ठीशिवाय सांगता आलं नसतं.

तेव्हा आजोबांची आठवण झाली. सिंधुदुर्गात त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती, वानर आणि डुकरांसाठी. बार काढला की ते चुलीवर पाण्याचं आधण ठेवायचे आणि नरसाळ्याने ते नळीत ओतायचे. काळ्या दारूचे क्षार वेगळे असतात, पण तेही पाण्यानेच जातात. ब्रिटिश सैन्यात ली-एनफील्ड या .303 रायफलसाठी उकळतं पाणी ओतायचं खास नरसाळं मिळायचं. इथल्या रेंजच्या एका म्हाताऱ्या सभासदाकडे ली-एनफील्डच्या जुन्या पुंगळ्या आहेत, बुडावर केएफ ही अक्षरं. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी, 1869 पासूनची. मी त्याला ते गाव कुठे आहे ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पाण्याने धुवायचं मी या गोळ्यांमुळेच शिकलो."

पाण्याबद्दल माझं मत मधेच बदललं, तेही सांगतो. आधी मला वाटायचं की उकळतंच हवं. तसं नाही. हे मीठ थंड पाण्यातही भरपूर विरघळतं. वीस अंशाला शंभर मिली पाण्यात चौतीस ग्रॅम, उकळत्यात छप्पन्न. नळीत उरतं ते चिमूटभरही नसतं. उकळत्याचा खरा उपयोग वाळवण्यासाठी, कारण पोलाद तापतं आणि उरलेला ओलावा स्वतःच उडून जातो. म्हणून आता मी थर्मास रेंजवरच नेतो. शेवटची गोळी झाडली, रायफल रिकामी आहे याची खात्री केली, बोल्ट (मागची सरकती खीळ) काढला, वाकड्या नळीचं नरसाळं चेंबरला, म्हणजे गोळी बसते त्या मागच्या टोकाला, लावलं आणि लिटरभर पाणी मागून पुढे ओतलं. तोंड खाली, बादलीत. एकदा मी उलटं, तोंडाकडून ओतलं आणि पाणी मॅगझिनमधून लाकडात शिरलं. अख्खी रायफल लाकडातून काढून वाळवावी लागली. पाणी गेल्यावर एक कोरडी चिंदी आणि नळी गरम असतानाच तेल. उशीर केला तर उघड्या पोलादावर लगेच पिवळसर छटा येते. बोल्टचं डोकंही सुटं करून पाण्यात बुचकळायचं.

काच पुसायचं निळं द्रावण वापरा, त्यातल्या अमोनियाने मीठ 'मरतं', असं रेंजवर दर दुसरा माणूस सांगेल. मीठ मारायचं नसतं, धुवायचं असतं. त्या बाटलीत जे काम करतं ते पाणी, आणि पाणी नळाला फुकट येतं.

एवढं सगळं करूनही चौथ्या महिन्यात गंज परत आला. नळी आरशासारखी, पण अगदी तोंडाजवळ, आत, एक तांबडी गोल रेघ. पुसली, पुढच्या खेपेला पुन्हा. तीन आठवडे मी या रेघेपायी हैराण होतो. शेवटी भिंगातून पाहिलं तेव्हा समजलं की माझी रायफल काउंटरबोअर केलेली आहे. डेपोत झिजलेलं तोंड सुधारताना त्यांनी शेवटचा इंचभर भाग जास्त रुंद कोरला आहे, म्हणजे खरी नळी एक इंच आत संपते आणि तिथे पायरी तयार होते. नळीच्या मापाची चिंदी त्या रुंद भागातून भिंतीला न टेकता निघून जाते. पाणीही मधूनच धार धरून पडतं. मीठ पायरीवर बसून राहतं. नळीत क्रोमचा थर नसल्यामुळे तिथे अडवायला काहीच नाही.

जाड मापाचा पिस्तुलाचा ब्रश आणि त्यावर गुंडाळलेली ओली चिंदी, पुढून, दहा वेळा फिरवायची. पाच डॉलरचा ब्रश. त्यानंतर पाच महिने रेघ नाही. डेपोतून आलेली मोसिन असेल तर रिकाम्या रायफलच्या नळीच्या तोंडात पुढून एक गोळी ठेवून बघा. अख्खं काडतूस नाही, पुंगळीतून सुटं केलेलं नुसतं पुढचं टोक. ती पूर्ण आत आरामात सरकली तर तुमच्याकडेही ती पायरी आहे. त्या मुलाच्या रायफलीत ती होतीच.

पैशाचं बोलायचं तर ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेने रशियन काडतुसांच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि हे डबे स्वस्त राहिले नाहीत. नवी, गंज न आणणारी गोळी डॉलरच्या वरच पडते. माझ्या 300 गोळ्यांचे साठ डॉलर झाले, नव्या घेतल्या असत्या तर तीनशेच्या पुढे. बदल्यात दर खेपेला पंचवीस मिनिटं. वीस सेंटच्या दराने मला हा सौदा आजही मान्य आहे. आज जुन्या डब्याला जो भाव सांगतात, त्या भावात मी हे मीठ विकत घेणार नाही. शिवाय गोळीत पोलादी गाभा आहे, चुंबक चिकटतं, आणि आमच्या जवळच्या दोन रेंजवर ती चालत नाही. पोलादी निशाणांवर तर कुठेच मारू नका.

उरलेल्या सात पुड्यांपैकी दोन त्या मुलाला देणार आहे, सोबत जाड ब्रश. शनिवारी थर्मास मी दोघांपुरता भरून नेईन.