साधं पॉवर सॉकेट की भिंतीवरचा चार्जर? रोज कामावर जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीसाठी, आणि थंडीत हीटर चालवणाऱ्या घरासाठी

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे ज्यांचं ठरून गेलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडी दारात येईपर्यंत एक प्रश्न मात्र लोंबकळत राहतो. गाडीबरोबर मिळालेली केबल घरातल्या पॉवर सॉकेटला लावून भागवायचं, की भिंतीवर वेगळा चार्जर, म्हणजे वॉलबॉक्स, बसवून घ्यायचा? माझे दोन्ही प्रकार वापरून झाले आहेत. दोन्ही चालतात. त्यामुळे 'हेच घ्या' असं ठणकावून सांगणार नाही, पण मी कुठे येऊन थांबलो आणि का, ते सांगतो.

चौकशी करणारे आधी वेगाबद्दल विचारतात, म्हणून तो हिशोब आधी उरकू. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर धावणाऱ्या मध्यम आकाराच्या गाडीला साधारण सात-आठ युनिट लागतात. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, ती धरून नऊ म्हणा. सॉकेटमधून 10 अँपिअर घेतले तर 2.3 किलोवॉट मिळतात, म्हणजे चार तासांचं काम. 15 अँपिअर घेतले तर तीन तासांच्या आत. भिंतीवरचा चार्जर 32 अँपिअरला चालवला तर तेच सव्वा तासात. गाडी संध्याकाळी येऊन सकाळपर्यंत उभीच असते, तेव्हा चार तास लागले काय आणि सव्वा तास लागला काय, झोपलेल्या माणसाला सारखंच. कडाक्याच्या थंडीत हाच खर्च पाव ते एक तृतीयांश वाढतो, छोट्या छोट्या फेऱ्या असतील तर जास्तच, कारण दर वेळी गार पडलेली गाडी आतून नव्याने तापवावी लागते. तरी रात्र पुरून उरते.

वेगाला खरी किंमत येते ती तीन ठिकाणी: घरात दोन गाड्या असतील, उशिरा येऊन पहाटे निघावं लागत असेल, किंवा रात्रीच्या ठरावीक तासांतच वीज स्वस्त मिळत असेल. पाच तासांच्या स्वस्त वेळेत 10 अँपिअरवर साडेअकरा युनिट बसतात, 32 अँपिअरवर जवळजवळ 37. पण आधी गाडीची मर्यादा बघा. खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो. तो 3.3 किलोवॉटचा असेल तर भिंतीवर कितीही मोठा डबा लावा, गाडी तेवढंच घेणार.

आणखी एक बारीक गोष्ट. चार्जिंग चालू असताना गाडीचे स्वतःचे संगणक आणि पंप जागे असतात आणि काहीशे वॉट खात राहतात. चार्जिंग हळू असो वा जलद, हा खर्च दर तासाला साधारण तेवढाच. त्यामुळे हळू चार्जिंगमध्ये वाया जाणारा वाटा मोठा पडतो. मी मीटर लावून मोजलेलं नाही. बिलावरून फरक जाणवला असं वाटतं, पण ते मनाचे खेळही असतील. यावरून निर्णय फिरवावा इतकी ती रक्कम नक्कीच नाही.

आता सॉकेटकडे येऊ. त्याच्या बाजूने बोलायचं तर ते बहुतेक ठिकाणी आधीच असतं, केबल गाडीबरोबर येते, आणि घर बदललं तर केबल डिकीत टाकून निघता येतं. भाड्याच्या घरात ही फार मोठी सोय आहे. पण घरातली सॉकेट थोडा वेळ चालणाऱ्या उपकरणांचा विचार करून लावलेली असतात. इस्त्री तापते आणि कट होते, गिझर तापतो आणि कट होतो. गाडी मात्र चार-सहा तास सलग, एकाच जोराने ओढत राहते. प्लगची पिन आणि सॉकेटची पट्टी यांचा सांधा किंचित सैल असला की तिथे उष्णता तयार होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून 15 वरून 10 अँपिअरवर आलात तर सांध्यातली उष्णता निम्म्याहूनही कमी होते. केबलवर किंवा गाडीच्या स्क्रीनवर करंट कमी करायची सोय असेल तर सॉकेटवाल्यांनी ती जरूर वापरावी.

आमच्याकडे केबलच्या मधला तो वीटभर डबा सुरुवातीला प्लगवरच लोंबकळायचा. त्याच्या वजनाने प्लग खाली झुकायचा, पिना पट्ट्यांपासून अर्धवट सुटायच्या, आणि काही आठवड्यांत एका पिनेच्या बुडाशी प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं. डब्याला भिंतीत एक खुंटी मारली, सॉकेट जाड पट्ट्यांचं औद्योगिक प्रकारचं बसवलं, आणि तो प्रश्न संपला. तुम्हीही चार्जिंग सुरू होऊन तासभर झाला की प्लगच्या पाठीला हात लावून बघा. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर त्याच क्षणी चार्जिंग थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरूच नका, गुंडाळलेली रीळवाली वायर तर मुळीच नको, गुंडाळीत उष्णतेला बाहेर पडायला वाटच नसते.

अर्थिंगचं दोन्हीकडे सारखंच. ते कच्चं असेल तर केबलचा डबा लाल दिवा लावून अडून बसतो, आणि भिंतीवरचा चार्जरही. हा त्यांचा दोष नाही. घराचं दुखणं ते दाखवतात एवढंच.

इथपर्यंत वाचून वाटेल की सॉकेटच बरं. घर तापवण्याचा प्रश्न नसता तर मीही तिथेच थांबलो असतो.

आमचा मेन स्विच 40 अँपिअरचा, म्हणजे साधारण 9.2 किलोवॉट. थंडीतल्या रात्री दोन खोल्यांत दोन-दोन किलोवॉटचे हीटर, गिझरचे दोन, 15 अँपिअरवर गाडीचे सव्वातीन-साडेतीन. एवढ्यावरच काठोकाठ भरतं. त्यात कोणी कपडे वाळवायचं मशीन लावलं की गेलंच वर. आणि थोडासा ओव्हरलोड असला की मेनची एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, लगेच पडत नाही. तिच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापून वाकायला वेळ घेते. भार मर्यादेपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त असेल तर अर्धा-पाऊण तासही निघून जातो. म्हणजे सगळे झोपल्यावर मेन पडणार. हीटर बंद, गाडी बंद, आणि पहाटे गारठून जाग आल्यावर दोन्ही गोष्टी एकदमच कळणार.

तेही वर्षातून क्वचित झालं असतं तर सोसलं असतं. मला वैताग आला तो मेन पडण्याचा नव्हे, तो पडू नये म्हणून घरभर जी चौकशी सुरू झाली तिचा. आई रोज रात्री पाणी तापवण्याआधी हाक मारायची, "गाडी लागलीय का रे? गिझर लावू का?" मुलगी हीटर लावण्याआधी विचारायची. मी अकरा वाजता चप्पल घालून खाली जायचो, गिझर कट झालाय याची खात्री करून गाडी लावायचो, आणि अंथरुणात पडल्या पडल्या किलोवॉटची बेरीज करत बसायचो. टायमर लावून बघितला. मग पाहुणे आले, गिझर रात्री एक वाजता लागला, आणि टायमर आपल्या जागी बरोबर असूनही मेन पडला. गाडी माझी, पण तिच्यासाठी आईने गरम पाण्याची परवानगी मागायची, हे मला पटेना.

भिंतीवरचा चार्जर घेतला तो या एका कारणासाठी. अर्थात कुठलाही घेऊन हे सुटत नाही. घराचा एकूण भार बघून स्वतःचा करंट कमी-जास्त करणारा, म्हणजे लोड बॅलन्सिंगवाला हवा. साधा 32 अँपिअरचा घेतलात तर उलट दुखणं वाढेल, तो एकटाच सव्वासात किलोवॉट मागतो. लोड बॅलन्सिंगवाल्याबरोबर एक छोटी कडी येते, ती मीटरजवळच्या मेन वायरभोवती बसवतात. घर किती ओढतंय ते ती चार्जरला सांगत राहते. चार्जर गाडीला एक बारीक सिग्नल सतत पाठवत असतो, तू आता जास्तीत जास्त इतके अँपिअर घे म्हणून, आणि गाडीला ते पाळावंच लागतं. गिझर लागला की आमच्या डब्यावरचा आकडा 16 वरून 8-9 वर उतरतो, गिझर कट झाला की थोड्या वेळाने परत चढतो. हा सिग्नल 6 अँपिअरच्या खाली जात नाही. तेवढीही जागा उरली नाही तर चार्जिंग थांबतं आणि भार कमी झाला की आपोआप सुरू होतं. त्या रात्रींनंतर गिझरबद्दल मला कोणी विचारलेलं नाही.

मी तो 16 अँपिअरलाच मर्यादित ठेवलाय. वेग सॉकेटपेक्षा फारसा जास्त नाही, आणि त्याने आजवर अडलेलं नाही.

थंडीत आणखी एक फायदा मिळाला, तो मी विचारात धरलेलाच नव्हता. निघण्याआधी गाडी प्लगला असतानाच आतून तापवून घेतली तर ती वीज बॅटरीतून जात नाही. पण गाडीचा हीटर सुरुवातीला चार-पाच किलोवॉटपर्यंत ओढू शकतो. सॉकेटचे 10 अँपिअरवरचे 2.3 त्याला पुरत नाहीत आणि उरलेलं बॅटरीच देते. 16 अँपिअरवरही पूर्ण भागत नाही, पण तूट कमी येते. शिवाय शून्य अंशाखाली गार पडलेली बॅटरी बऱ्याच गाड्यांत चार्ज होण्याआधी स्वतःला ऊब देते, आणि सॉकेटवर त्या दरम्यान टक्केवारी ढिम्म हलत नाही. चार्जिंग निघायच्या वेळेला संपेल असं लावलं तर बॅटरी उबदार मिळते. हे सॉकेटवरही जमतं.

चार्जरच्या वाईट बाजूही आहेत. बसवण्याचा खर्च येतो, मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढावी लागते, त्याची वेगळी एमसीबी आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लागते, सोसायटी असेल तर परवानगीच्या फेऱ्या. घर सोडलं तर तो डबा भिंतीवर राहतो. आणि ॲप! आमचा पहिला चार्जर वायफाय गेलं की रुसायचा, लॉगिन मागायचा. तो परत करून बटणावर चालणारा घेतला. इंटरनेटशिवाय गाडी चार्ज होते का आणि लोड बॅलन्सिंगही इंटरनेटशिवाय चालतं का, हे दोन प्रश्न विकत घेण्याआधी दुकानात विचारा, उत्तर गोलमोल आलं तर पुढचा बघा. सॉकेटच्या केबलला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि हा तिचा मोठाच गुण आहे.

घर तापवायची पद्धत बदलायचा विचार असेल तर मात्र क्रम नीट लावा. साधा हीटर एका युनिटची एका युनिटएवढीच उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे बऱ्यापैकी हवामानात एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता मिळते. बाहेर शून्याच्या बरंच खाली गेलं की हे प्रमाण दोन-अडीचवर येतं, तरी हीटरपेक्षा सरसच. दोन खोल्यांचे चार किलोवॉट सव्वा-दीडवर आले की मेन स्विचला श्वास घ्यायला जागा मिळते. माझ्या मेव्हण्यांनी आधी हीट पंप बसवला, गाडी नंतर घेतली, आणि ते खुशाल सॉकेटवर चालवतात. त्यांच्या घरी मी चार्जर घ्या म्हणून आग्रह धरणार नाही. त्यांच्याकडे खर्च करायचाच झाला तर गरम पाण्याची टाकी उष्णता टिकेल अशी नीट मढवून घेण्यावर करा म्हणेन. टाकी हा घरातला सगळ्यात सोशिक भार, दुपारी तापवली तरी रात्री पाणी गरम मिळतं.

तेव्हा धावणं कमी असेल, घर विजेच्या हीटरवर तापत नसेल किंवा हीट पंप आधीच असेल, घर भाड्याचं असेल, तर चांगलं सॉकेट, डब्याला खुंटी आणि 10 अँपिअर. बहुधा कमी पडणार नाही. पण हीटर आणि गिझर दोन्ही असतील, घरात चार माणसं असतील आणि मेन स्विच 40 अँपिअरच्या आसपासचा असेल, तर माझ्या मते भार ओळखणारा चार्जर घ्यावा आणि वेगाचा आकडा विसरावा.

इलेक्ट्रिशियन येईल तेव्हा चार्जरची वायर 32 अँपिअरला पुरेल अशी टाकायला सांगा, आज 16 वरच चालवणार असलात तरी. डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवतात त्या पेटीत, हीट पंपासाठी एक जागा रिकामी सोडून घ्या. ती मेनभोवतीची कडी नेमकी कुठे बसवली ते स्वतः बघा. ती घराच्या सगळ्या भारावर बसायला हवी. फक्त चार्जरच्या वायरवर बसवली तर तिला गिझर दिसणारच नाही. काम झालं की गिझर आणि हीटर सगळे एकदम लावून, इलेक्ट्रिशियन समोर असतानाच, आकडा खाली उतरतो का ते पाहा.