लाल किनाऱ्याचा फोटो बघून पैसे भरण्याआधी

परवा सकाळी वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक जमिनीवर पडलं. ‘दिवाळीच्या सुट्टीत चीन! जगप्रसिद्ध लाल किनाऱ्यासह!’ फोटो तोच. नजर पोचेल तिथवर पसरलेलं लालभडक मैदान, त्यातून वळत गेलेली लाकडी वाट, मागे हिरवंगार नळगवत. मागच्या वर्षी याच फोटोवर विश्वास ठेवून आम्ही दोघांनी 4,12,500 रुपये भरले होते. पत्रक हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी राहिले. बडोद्यातल्या आणखी कुणाच्या साठवलेल्या पैशांचं असं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी इथल्या एका शाळेत सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मुलांना घेऊन जंबुसरच्या पुढे कावी-कंबोईला जायचे. मुलांना भरतीच्या पाण्यात बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ बघायचं असायचं, मला ओहोटीला उघडा पडणारा खंभातच्या आखाताचा चिखल दाखवायचा असायचा. त्या खाऱ्या चिखलात सुएडा नावाची बुटकी झुडपं उगवतात. पानं मांसल, मण्यांसारखी, दाबली की पाणी सुटतं. काहींचे शेंडे तांबूस होतात. तेव्हा मी मुलांना सांगायची, की चीनमध्ये याच झाडाची एक बहीण अख्खं खाजण लाल करते. सांगताना दर वेळी वाटायचं, आपण तरी ते कधी पाहणार!

ही जागा म्हणजे चीनच्या ईशान्येला लियाओनिंग प्रांतातलं पानजिन. तिथे लियाओ नदी बोहाय समुद्राला मिळते. नावात किनारा असला तरी वाळू नाही, सगळी भरती-ओहोटीची दलदल, आणि तिच्यावर सुएडा साल्साची गादी. आपल्या बीटात आणि लाल माठात जे रंगद्रव्य असतं, त्याच बीटासायनिन गटातलं रंगद्रव्य या झाडाला लाल करतं. बीट, पालक, चाकवत, माठ हा सगळा एकाच कुळाचा गोतावळा. 1988 मध्ये या भागाला राष्ट्रीय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि 2004 मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. लाल टोपीचे क्रौंच तिथे येतात, साँडर्सचा कुरव तिथे घरटी करतो.

आता माझ्या फसवणुकीचं मूळ ज्यात आहे ते सांगते. हे झाड एका वर्षाचं सोबती आहे. एप्रिलच्या सुमारास कोंब फुटतात, उन्हाळाभर ते हिरवट-तांबूस असतं, थंडीची चाहूल लागली की रंग चढत जातो. भर रंग सप्टेंबरात आणि फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मग ते बी टाकतं आणि वाळून जातं. हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. मला झाड ठाऊक होतं, पण तिथल्या तारखा ठाऊक नव्हत्या, आणि त्या मी त्यालाच विचारल्या.

तो परका माणूस नव्हता. आमच्या भागातल्या गणपती मंडळाच्या आरतीला उभा राहणारा, वर्गणी देणारा, वयाने माझ्या मुलाएवढा. गिऱ्हाईक गुजराती असलं तर गुजरातीत, आमच्याशी अगदी घरच्यासारखं मराठीत. काकांना हात धरून खुर्चीत बसवलं, चहा मागवला. मी पहिलाच प्रश्न विचारला, “अहो, आपण भाऊबीज करून निघणार, म्हणजे नोव्हेंबर उजाडणार. तोवर रंग राहतो का?”

“काकू, तोच तर पीक सीझन! तिकडे थंडी पडली की रंग आणखी गडद होतो. मागच्या नोव्हेंबरातला आपला ग्रुप बघा.” आणि त्याने मोबाइलवर तो फोटो दाखवला.

थंडीने रंग गडद होतो हे अर्धं खरं होतं. पूर्ण खोटं मी तिथल्या तिथे पकडलं असतं. अर्ध्या खऱ्याला मी मान डोलावली.

पैशांचा हिशेब देते, कारण फसवणूक तिथेही होती. माणशी 1,85,000 प्रमाणे दोघांचे 3,70,000. परदेश सहलीवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाईकाकडून गोळा करून सरकारला भरायचा कर, लागतो, म्हणून त्याचे तेव्हाच्या दराने पाच टक्के, 18,500. आणि लाल किनाऱ्याच्या ‘स्पेशल परमिट’चे माणशी 12,000. अडीच लाखांचा चेक दिला. उरलेले 1,62,500 रोख द्या, म्हणजे तुम्हाला भावात बसतं, असं तो म्हणाला. रोख रकमेची पावती म्हणून एका कोऱ्या चिठ्ठीवर आकडा, सही आणि ‘चीन’ एवढा एकच शब्द. जीएसटी नंबर नाही, तारखांसह कार्यक्रम नाही. यांनी विचारलंही, “पक्कं बिल?” तर म्हणे परत आल्यावर सगळं एकदम देऊ. ओळखीचा माणूस, वर किती ताणायचं, म्हणून आम्ही गप्प बसलो.

निघायच्या चार दिवस आधी ग्रुपवर नवा कार्यक्रम आला. ‘लाल किनारा’ हे शब्द गेले होते. त्यांच्या जागी ‘पानजिन पाणथळ भाग, हंगामानुसार’ असं बारीक अक्षरात होतं. मी फोन केला. “फॉर्मॅट आहे काकू, सगळ्यांनाच तसं जातं.” व्हिसा झाला होता, तिकिटं निघाली होती, बॅगा भरून झाल्या होत्या. हा कागद आदल्या महिन्यात का आला नाही, हे आज कळतं.

तेव्हा भारतातून चीनच्या मुख्य शहरांना थेट विमानं नव्हती. मुंबईहून हाँगकाँगमार्गे बीजिंग, पुढे शेनयांग. प्रवासाबद्दल तक्रार नाही. बीजिंगमध्ये सगळं नीट पार पडलं, जेवणात यांच्यासाठी शाकाहाराची सोयही झाली.

शेनयांगहून बसने पानजिनला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल नळगवत, पिकून सोनेरी झालेलं, तुरे पांढरे. मधूनच तेलविहिरींचे पंप मान खाली-वर करत होते, कारण हा लियाओहे तेलक्षेत्राचा पट्टा. ते सोनेरी गवत पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. फोटोतलं गवत हिरवं होतं. तो फोटो नोव्हेंबरातला असणंच शक्य नव्हतं, आणि ही साधी गोष्ट मला बडोद्यात, त्याच्या ऑफिसात, दिसायला हवी होती.

लाकडी वाटेवर आमच्या चौदा जणांशिवाय जेमतेम सात-आठ माणसं. वारा इतका, की यांचा मफलर दोनदा उडाला. समोर चिखल. त्यावर करड्या-तपकिरी काटक्यांचे पुंजके, पावसाने भिजून वाळलेल्या काथ्यासारखे. मी कठड्याच्या फळ्यांमधून हात घालून अगदी कडेच्या एका काटकीला स्पर्श केला. पानं गळून गेलेली, नुसत्या बियांच्या सालपटांचे झुबके. तळाशी एक फांदी, बोटाच्या पेराएवढी, अजून लाल होती. चिमटीत दाबली तर बीट किसताना लागतो तसा पुसटसा डाग बोटाला लागला. पानजिनचा लाल रंग मी पाहिला तो एवढाच.

आमची तिथली गाइड वीस-बावीस वर्षांची मुलगी होती. इंग्रजी मोडकं, पण मन स्वच्छ. ती बसमध्येच अस्वस्थ दिसत होती. मी विचारल्यावर तिने तिच्या फोनमधले सप्टेंबरातले फोटो दाखवले आणि म्हणाली, की 1 ऑक्टोबरला त्यांच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी लागते, त्या आठवड्यात इथे पाय ठेवायला जागा नसते, त्यानंतर रंग उतरत जातो. नोव्हेंबरात कुणी का पाठवलं, हे तिलाही कळेना. परमिटबद्दल विचारलं तर तिने तिकीटखिडकीकडे बोट दाखवलं. परमिट वगैरे काही नव्हतं. कुणीही विकत घेऊ शकेल असं साधं प्रवेशाचं तिकीट होतं. त्याचे आमच्याकडून चोवीस हजार घेतले होते.

बरोबरच्या मंडळींपैकी काहींनी सेल्फी काढले आणि विषय सोडून दिला. वाघोडिया रोडचं एक वयस्कर जोडपं मात्र बसमध्ये जाऊन बसलं. त्या मावशींनी मला विचारलं, “आपलं काही चुकलं का हो?” तो प्रश्न अजून मनातून जात नाही. ज्याने फसवलं तो निवांत, आणि ज्यांनी आयुष्यभर पै-पै जमवली ती माणसं स्वतःची चूक शोधतायत.

परत आल्यावर मी त्याच्या ऑफिसात गेले. तो म्हणाला, “काकू, निसर्गावर कुणाचा कंट्रोल असतो का?” पाऊस पडला असता, धुकं आलं असतं, तर मी एक शब्द बोलले नसते. तो निसर्ग. झाड नोव्हेंबरात वाळलेलं असणं हा अपघात नाही, ते दर वर्षी होतं. दिवाळीच्या सुट्टीत गिऱ्हाईक मिळतं आणि सप्टेंबरात मिळत नाही, म्हणून त्याने वाळलेल्या काटक्या लाल म्हणून विकल्या.

मग मी त्याची वचनं शोधायला व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तर ग्रुप जवळजवळ रिकामा. त्याने ग्रुप करतानाच सात दिवसांनी संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू करून ठेवली होती. ‘पीक सीझन’, ‘गॅरंटी’, सगळं गेलं होतं. यांनी पुण्याच्या भाच्याला कौतुकाने पाठवलेले तीन स्क्रीनशॉट तेवढे वाचले. भाच्यानेच तो फोटो इंटरनेटवर टाकून मूळ कुठला आहे ते शोधून पाहिलं. कित्येक वर्षांपूर्वीचा निघाला, कुणा परदेशी प्रवाशाच्या पानावरचा. ‘आपला ग्रुप’ असा कधी गेलाच नव्हता. तेव्हा कुठल्याही सहलीच्या ग्रुपमध्ये शिरलात की आधी वर नावावर बोट ठेवून ही सोय चालू आहे का बघा, आणि पैशांचं व तारखांचं बोलणं ईमेलवर मागा. जो ईमेल करायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे चेक लिहू नका.

टीसीएसची गोष्ट आणखी उशिरा कळली. आयकराचं विवरणपत्र भरताना आमच्या सीएंनी यांचा फॉर्म 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, काढला. खरं तर हा कर एजंटने गिऱ्हाईकाच्या पॅनवर जमा करायचा असतो, तो तिथे दिसतो आणि विवरणपत्रात आपल्याला वळता करून मिळतो. आमच्या खात्यात एक रुपयाही नव्हता. 18,500 रुपये सरकारच्या नावाने घेतले होते आणि सरकारकडे पोचलेच नव्हते. ज्यांनी कुणी परदेश सहलीसाठी हा कर रोख दिला असेल, त्यांनी आजच आपला 26एएस उघडून बघावा.

आणि हे फक्त चीनचं नाही. काश्मीरची ट्युलिप बाग साधारण मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंतच फुललेली असते. कासच्या पठारावर फुलं पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात, गणपतीच्या आसपास. दिवाळीत तिथे वाळकं गवत असतं. आपली सुट्टी आणि फुलाची वेळ जुळत नसेल तर एजंट ती जुळवू शकत नाही. तुमच्या प्रवासाच्या नेमक्या त्याच आठवड्यातले, आधीच्या वर्षीचे, प्रवाशांनी तारखेसह टाकलेले फोटो स्वतः शोधा. मी नंतर शोधले. दहा मिनिटांत नोव्हेंबरातलं पानजिन माझ्या पडद्यावर होतं, जसं पाहिलं तसंच तपकिरी.

आम्ही आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यावर एजंटचं उत्तर आलं, की ‘हंगामानुसार’ असं लिहिलं होतं. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर शुल्क लागत नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे मात्र विसरू नका. आमच्या फाइलमध्ये चेकची नोंद, ती कोरी चिठ्ठी, कार्यक्रमाचे दोन्ही कागद, तीन स्क्रीनशॉट आणि 26एएस आहे. दोन छायाचित्रं शेजारीशेजारी लावली आहेत, त्याने दाखवलेलं आणि मी लाकडी वाटेवरून काढलेलं, खाली तारीख. आता परवाचं पत्रकही त्यात जोडलं.

चौदांपैकी पाच जण आमच्याबरोबर आहेत. वाघोडिया रोडच्या मावशी येत नव्हत्या, कोर्टकचेरी नको म्हणत होत्या. गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांची चिठ्ठी पाहिली. तोच आकडा, तीच सही, तोच ‘चीन’. त्यांनी ती देवघरातल्या डब्यात जपून ठेवली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली आणि पुढच्या तारखेला येते म्हणाल्या. आणखी कुणाकडे अशी चिठ्ठी असेल तर फेकू नका. दोन वर्षं यंदा नाही, पुढच्या नोव्हेंबरात पुरी होतात.