पहिला सेकंडहँड डिजिटल रेंजफाइंडर: एम ९ घ्यावा की एम २४०?

सेकंडहँड डिजिटल रेंजफाइंडर शोधणाऱ्याची यादी फार लांब होत नाही. लेन्सच्या मागच्या कॅमवर टेकलेला रोलर, त्याला जोडलेली यंत्रणा आणि फोकस करताना व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एकमेकींवर आणायच्या दोन प्रतिमा, हे सगळे असलेले डिजिटल कॅमेरे मुळात कमीच निघाले. फुजीचे एक्स-प्रो दिसायला त्याच घराण्यातले वाटतात, पण फोकस वेगळ्या पद्धतीने करतात. कॅमेरे चांगले आहेत, इथे मात्र त्यांचे काम नाही. पहिल्या खरेदीसाठी खरी निवड माझ्या मते लायकाच्या एम ९ आणि एम २४० यांच्यातच आहे. बाकीचे आधी उरकून घेऊ.

एप्सनचा आर-डी १ (२००४) हा यातला पहिला. दर फोटोला अंगठ्याने लिव्हर ओढून शटर चढवायचे, वर घड्याळासारखे काटे, आणि व्ह्यूफाइंडर पूर्ण १:१, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येते. हातात घेतला की खाली ठेववत नाही. पण ६ मेगापिक्सेल, १.५ पट क्रॉप (लहान सेन्सरमुळे लेन्स तितकी अरुंद बघते) आणि पहिल्या आवृत्तीत २ जीबीपर्यंतची जुनी एसडी कार्डे, हे सगळे रोज चालवून घ्यावे लागते. रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे दोन प्रतिमा घेणाऱ्या खिडक्यांमधले अंतर, ३८ मिमीच्या आसपास; जितका मोठा तितका फोकस अचूक. लायकाचा प्रभावी पाया (व्ह्यूफाइंडरचे मॅग्निफिकेशन धरून) ४७ मिमी आहे. शौक म्हणून दुसरा कॅमेरा घ्यायचा तर जरूर घ्या, पहिला म्हणून नको.

एम ८ (२००६) सगळ्यात स्वस्त मिळतो आणि म्हणूनच मोह होतो. सेन्सरवरची इन्फ्रारेड गाळणी इतकी पातळ आहे की काळे सिंथेटिक कापड जांभळट येते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक लेन्सवर यूव्ही-आयआर कट फिल्टर. तो लावला की वाइड लेन्सच्या कोपऱ्यांत निळसर-हिरवट झाक येते आणि ती काढायला लेन्सवर ६-बिट कोड (कॅमेऱ्याला लेन्स ओळखू देणाऱ्या माउंटवरच्या खुणा) लागतो, कारण या कॅमेऱ्यात लेन्स हाताने निवडायची सोय नाही. मागच्या स्क्रीनवर तपकिरी डाग पडले तर बदली भाग मिळत नाही. फक्त कृष्णधवल काढणाऱ्याला मात्र हा सौदा वाईट नाही. तिथे रंगाचा प्रश्नच उरत नाही. एम १० (२०१७) परवडत असेल तर पुढचे वाचायची गरज नाही, तोच घ्या.

आता एम ९. २००९ चा, १८ मेगापिक्सेल, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर), कोडॅकचा सीसीडी सेन्सर. याच्या रंगांबद्दल लोक हळवे होतात, आणि त्यात तथ्य नाही असे म्हणणार नाही. आयएसओ १६० ते ६४० मध्ये, भरपूर उजेडात, फोटोला एक घट्टपणा येतो. मात्र त्यातला बराचसा वाटा कमी आयएसओचा, चांगल्या उजेडाचा आणि रंगांच्या प्रोफाइलचा आहे, सेन्सरच्या जातीचा कमी, असे मला वाटते. ८०० च्या वर सावल्या खरखरीत होतात, १२५० ला पट्टे दिसू लागतात.

या कॅमेऱ्याचा बदनाम दोष म्हणजे सेन्सरवरची काच गंजणे. एम ९, एम ९-पी, २०१२ चा एम-ई आणि पहिला मोनोक्रोम, चौघांनाही तो लागू आहे. दमट हवेत काचेचा पृष्ठभाग हळूहळू खराब होतो. तपासणी सोपी आहे: ५० मिमी लेन्स, एफ १६, आयएसओ १६०, फोकस अगदी जवळ ठेवून निरभ्र आकाश किंवा कोरी भिंत काढायची आणि संगणकावर १०० टक्के मोठे करून कोपऱ्यांपासून पाहायचे. साधी धूळ नुसता गडद ठिपका दाखवते आणि फुंकणीने हलते. गंजाचा ठिपका मधे काळसर असतो, त्याभोवती उजळ कडे असते, आणि साफसफाईनंतरही तो तिथेच राहतो. एफ ४ ला काढलेला फोटो पाहून विश्वास ठेवू नका, त्यात काहीच दिसत नाही. कंपनीकडे बदली सेन्सर उरलेले नाहीत. बाहेरचे काही तज्ज्ञ फक्त काच बदलून देतात. त्यामुळे सेन्सर बदलल्याचा सर्व्हिसचा कागद असलेला एम ९ आणि कागद नसलेला एम ९ हे किमतीच्या दृष्टीने दोन वेगळे कॅमेरे समजावेत.

पण माझा कौल एम २४० ला आहे, आणि तो गंजाने लावला नाही. गंज तपासता येतो आणि टाळता येतो. मला टोचली ती वेगळी गोष्ट: रेंजफाइंडरची जुळणी बिघडलेली असेल, तर एम ९ ते जागच्या जागी कळू देत नाही.

हा दोष किती बारीक असतो ते बघा. ५० मिमी लेन्स इन्फिनिटीपासून १ मीटरपर्यंत आणताना सुमारे २.६ मिमी पुढे सरकते. रोलर हीच हालचाल वाचतो. १ मीटरवर फोकस ३ सेंमी चुकायला रोलरची चूक फक्त ०.०८ मिमी पुरते, आणि ५० मिमी एफ १.४ लेन्सची तिथली एकूण डेप्थ ऑफ फील्ड (जेवढ्या खोलीत फोटो स्पष्ट दिसतो ती) जेमतेम ३ सेंमी. म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये दोन प्रतिमा तंतोतंत बसल्या आणि फोटोत डोळ्याऐवजी कान स्पष्ट, हे सहज घडते. कॅमेरा एकदा आपटला, बॅगेत महिनोन् महिने हादरत राहिला किंवा लेन्स तिरपी बसवताना रोलरला धक्का लागला, तरी पुरते. सेकंडहँड मालाला यातले काही ना काही झालेलेच असते.

त्यात अडचण अशी की चूक बॉडीची की लेन्सची हे एकच लेन्स हातात असताना कळत नाही. आणि पहिल्यांदा घेणाऱ्याकडे एकच लेन्स असते. एम ९ च्या मागचा स्क्रीन अडीच इंची, २ लाख ३० हजार बिंदूंचा. मोठे केलेले चित्र यायला वेळ लागतो आणि आले तरी ते खरेच तीक्ष्ण आहे की नाही ते ठरवता येत नाही. कार्ड संगणकात घालेपर्यंत तुम्ही अंधारात, आणि तोवर विकणारा घरी पोचलेला.

एम २४० मध्ये लाइव्ह व्ह्यू आहे, म्हणजे सेन्सरला दिसते ते थेट मागच्या स्क्रीनवर बघता येते. लोक त्याला नाके मुरडतात, रेंजफाइंडरमध्ये असले कशाला म्हणतात. मी रोजच्या कामात तो वापरत नाही, पण तपासणीसाठी तो असणे हाच माझ्यासाठी निर्णायक मुद्दा ठरला. स्टँडवर कॅमेरा लावा, लेन्स पूर्ण उघडा, लेन्सची रिंग इन्फिनिटीच्या अडथळ्यापर्यंत फिरवा आणि किमान अर्धा-एक किलोमीटर दूरचा मनोरा किंवा विजेचा खांब धरा. चंद्र असेल तर उत्तमच, ढग नकोत. आता लाइव्ह व्ह्यू लावून १० पट मोठे करा. इथे तीन शक्यता निघतात. स्क्रीनवर मनोरा तीक्ष्ण आणि व्ह्यूफाइंडरमध्येही प्रतिमा जुळलेल्या, म्हणजे सगळे ठीक. स्क्रीनवर तीक्ष्ण पण व्ह्यूफाइंडरमध्ये दोन मनोरे, म्हणजे लेन्सची काच ठीक, बिघाड रोलरच्या बाजूला (किंवा लेन्सच्या कॅममध्ये, दुसरी लेन्स लावली की उलगडा होतो). स्क्रीनवरच धूसर, म्हणजे लेन्स स्वतःच नीट बसवलेली नाही किंवा अॅडॉप्टर जाड-पातळ आहे; बॉडी उघडून उपयोग नाही. पाच मिनिटांत हे कळते.

मग जवळचे अंतर. एक पट्टी ४५ अंशांत कलती ठेवा, १ मीटरवरून मधल्या रेषेवर व्ह्यूफाइंडरने फोकस करा आणि लाइव्ह व्ह्यूत बघा कोणती रेषा तीक्ष्ण आहे ते. दरवेळी रिंग पूर्ण हलवून पाचदा करा, दोन-तीन वेळा जवळून लांब आणि बाकीच्या वेळा उलट. पाचही वेळा एकाच बाजूला चुकत असेल तर जुळणीचा दोष. इकडे-तिकडे चुकत असेल तर हात आणि डोळ्याचा. शेवटी एखाद्या आडव्या रेषेवर, खिडकीच्या चौकटीवर, दुसरी प्रतिमा वर-खाली सरकलेली नाही ना ते पाहा. उभ्या दिशेतला फरक फोटो बिघडवत नाही, पण डोळा थकवतो.

इन्फिनिटीची दुरुस्ती रोलरच्या मधल्या स्क्रूने, एम ८ आणि एम ९ वर २ मिमी अॅलन कीने, होते. करणारे घरी करतात. मात्र जवळच्या अंतराची जुळणी रोलरच्या दांडीच्या लांबीवर अवलंबून असते, आणि एक हलवले की दुसरे हलते. तिथे हात न घातलेला बरा. एम २४० वर जुळणी चुकलेली निघाली तरी सर्व्हिसचा नंबर लागेपर्यंत कॅमेरा निरुपयोगी होत नाही, लाइव्ह व्ह्यूवर काम चालते. एम ९ वर त्या काळात एफ ८ आणि देव.

एम २४० ची दुसरी बाजूही सांगायला हवी. एम ९ चे वजन ५८५ ग्रॅम, याचे ६८०. जाडी ३७ मिमीची ४२ झाली आहे आणि ती बोटांना पहिल्या क्षणी जाणवते. आयएसओ २०० पासून सुरू होतो आणि शटर १/४००० ला थांबते, म्हणून भर उन्हात एफ २ वापरायचा तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लागतो. शटरच्या बटणाजवळचे व्हिडिओचे बटण चुकून दाबले जाते. फर्मवेअर अद्ययावत करून ते बंद करा. ऑटो व्हाइट बॅलन्सवर चेहरे तांबूस येतात, डीएनजी (कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून दुरुस्त होतात. ३२०० पर्यंत आयएसओ निर्धास्त वापरता येतो, त्यापुढे सावल्या उचलल्या की पट्टे. फ्रेमलाइन (व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोची चौकट दाखवणाऱ्या रेषा) एलईडीने उजळतात, म्हणजे बॅटरी संपली की त्याही गेल्या. त्या २ मीटरच्या अंतरासाठी आखलेल्या आहेत, एम ९ च्या १ मीटरसाठी. रस्त्यावरच्या फोटोंत एम २४० ची चौकट फोटोशी जास्त जुळते, हा एक छोटा पण रोजचा फायदा. बॅटरी माझ्या वापरात दिवसभर जाते. एम ९ ला खिशात दुसरी हवीच. कार्डाच्या बाबतीतही एम ९ लहरी आहे: ३२ जीबीपर्यंतचे साधे एसडीएचसी वापरा, मोठ्या आणि वेगवान कार्डांनी तो मधेच गोठतो.

एम २६२ (२०१५) इथे अनेकांना भुलवतो. अॅल्युमिनियमची वरची पट्टी, ६०० ग्रॅम, व्हिडिओ नाही, शटर शांत. पण लाइव्ह व्ह्यूही नाही. म्हणजे ज्या एका कारणासाठी एम २४० घ्यायचा तेच काढून टाकलेले. दुसरा रेंजफाइंडर म्हणून उत्तम.

लेन्सचा निर्णय याच गणितातून निघतो. ५० मिमी एफ १.४ पहिल्यांदा नको. ५० मिमी एफ २ ला १ मीटरवर सुमारे साडेचार सेंमी मिळतात, ३५ मिमी एफ २.५ ला जवळजवळ १२. फोइग्टलेंडरची ३५ मिमी एफ २.५ कलर-स्कोपार ही म्हणूनच माझी पहिली शिफारस: व्ह्यूफाइंडरचा कोपरा झाकत नाही आणि जुळणीतली बारीक चूक पोटात घेते. ५० च हवी असेल तर झाइसची प्लॅनर एफ २ किंवा लायकाची समिक्रॉन, दोन्ही ०.७ मीटरपर्यंत येतात. झाइसची ५० मिमी एफ १.५ सोनार सुंदर आहे, पण अॅपर्चर बदलले की फोकसची जागा सरकते. रेंजफाइंडर शिकत असताना हा गोंधळ नको. रशियन ज्युपिटर-८ स्वस्त असते, पण तिचे मूळ मोजमाप कॉन्टॅक्स या जुन्या जर्मन कॅमेऱ्याचे आहे, लायकाचे नाही, म्हणून दूरवर बरोबर असली तरी जवळ चुकते. चष्मा असेल तर २८ मिमीची चौकट एका नजरेत दिसत नाही, तेही लक्षात ठेवा.

लेन्स टॉर्चने बघा: अॅपर्चर उघडून, मागून तिरपा उजेड टाकून. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. अॅपर्चरच्या मागच्या काचेवर सारखा दुधाळ थर म्हणजे वंगणाच्या वाफेचा हेझ, तो बहुधा साफ होतो. समोरच्या काचेवरचे दोन ओरखडे किंमत पाडून घ्यायला उपयोगी, फोटोत दिसत नाहीत. नळी दोन बोटांत धरून हलवा. खटखट वाजली तर आतले स्क्रू ढिले झालेत, आणि मग वरची सगळी जुळणी व्यर्थ. एम ३९ ची (जुन्या स्क्रू-माउंटची) लेन्स असेल तर अॅडॉप्टर योग्य चौकट आणणारा आहे ना ते पाहा: ३५ ला ३५/१३५ चा, ५० ला ५०/७५ चा.

सेन्सर बदलल्याचा कागद असलेला एम ९ आणि सोबत ३५ मिमी एफ २.५ असा जोड समोर आला, तर मी तोडून नाही म्हणणार नाही. तेव्हा मात्र लॅपटॉप घेऊन जा, दूरचा खांब आणि कलती पट्टी दोन्हींचे फोटो तिथेच उघडून बघा, आणि पैसे त्यानंतर द्या.