लॅक्टेट की सीआरटी : छोट्या आयसीयूत सेप्टिक शॉकवर नजर कशाने ठेवावी?

उमरेड, काटोल, वरोरा अशा ठिकाणी सहा-आठ खाटांचं आयसीयू सुरू करणारे तरुण फिजिशियन भेटले की बोलणं फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतं : सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्ताभिसरण कोलमडतं तेव्हा, रुग्णावर नजर कशाने ठेवायची. व्हेंटिलेटर आले, मॉनिटर आले, नॉरअॅड्रेनलिन या बीपी वाढवणाऱ्या औषधासाठी पंपही आले. आता लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) दाखवणारं एबीजी, म्हणजे धमनीतलं रक्त तपासणारं मशीन घ्यायचं, की बोटाचं पेर दाबून सीआरटी, म्हणजे पांढऱ्या पडलेल्या कातडीचा रंग परत यायला लागणारा वेळ, बघत काम चालवायचं? धंतोलीतल्या आठ खाटांच्या युनिटमध्ये मला हा निर्णय दोनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा मशीन घेतलं. दुसऱ्यांदा ते मशीन बाजूला उभं असतानाच नजर बोटाकडे वळवली. तुमचे रुग्ण आणि तुमची माणसं वेगळी असतील, म्हणून सगळंच जसंच्या तसं लागू पडेल असं म्हणत नाही.

आधी लॅक्टेटची बाजू, कारण ती भक्कम आहे. २०१६ च्या व्याख्येत सेप्टिक शॉक म्हणायला पुरेसं पाणी (शिरेतून सलाइन) दिल्यावरही मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ राखायला औषध लागणं आणि लॅक्टेट २ च्या वर असणं, या दोन्ही गोष्टी लागतात. पण व्याख्येपेक्षा मला त्याचा पहिला आकडा मोलाचा वाटतो. बीपी ११०, माणूस खाटेवर बसून नातवाशी बोलतोय आणि लॅक्टेट ६ : असा रुग्ण मी वॉर्डात ठेवत नाही. हे काम बोट इतक्या खात्रीने करत नाही. गडचिरोलीहून चार-पाच तास ॲम्ब्युलन्समध्ये काढून आलेल्या रुग्णाचा निघतानाचा आणि पोचल्यावरचा असे दोन आकडे हातात असले, तर वाटेत काय झालं तेही कळतं.

लॅक्टेट उतरवत नेण्याच्या उपचारामागेही अभ्यास आहे. २०१० साली नेदरलँड्समध्ये ३४८ रुग्णांवर चाचणी झाली. दर दोन तासांनी लॅक्टेट २० टक्क्यांनी खाली आणायचं, हे ध्येय ठेवलेल्या गटाचे निकाल सरस दिसले. मात्र त्या गटाचं लॅक्टेट दुसऱ्या गटापेक्षा वेगाने उतरलेलं नव्हतं. म्हणजे फायदा झाला असेल तर तो आकडा उतरल्यामुळे झाला, की दर दोन तासांनी कुणीतरी खाटेपाशी येऊन रुग्णाकडे नीट बघत होतं म्हणून झाला, हा प्रश्न उरतोच. मला तो तेव्हा सुचला नव्हता. मी २० टक्क्यांचा नियम छापून भिंतीवर लावला होता.

एका वर्षी पोळा झाल्यावर रामटेककडच्या धानपट्ट्यातून चाळिशीची एक बाई आली. सहा दिवसांचा ताप, काखेत काळी खपली, वाढलेलं एसजीपीटी (लिव्हरची तपासणी), वरचं बीपी ७४. आपल्याकडे पोळा ते दसरा या काळात असं चित्र दिसलं की स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) डोक्यात यायलाच हवा. डॉक्सी हे अँटिबायोटिक सुरू केलं, दोन लिटर पाणी गेलं, नॉरअॅड लावलं. लॅक्टेट ५.८. दोन तासांनी ५.५. वीस टक्के उतरलं नाही म्हणून आणखी ५०० मिली. मग ५.४, पुन्हा ५००. पहाटे श्वास ३८ वर गेला, दोन्ही फुप्फुसांत खाली खरखर, आणि तिला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. ती वाचली, अकराव्या दिवशी चालत घरी गेली. नंतर फाइल चाळताना रात्री अकराची सिस्टरची नोंद दिसली : ‘हातपाय गरम’. म्हणजे आम्ही पाण्यावर पाणी चढवत होतो तेव्हा तिचं रक्ताभिसरण सावरलेलं होतं. लॅक्टेट उतरत नव्हतं, कारण ते संपवणारं लिव्हरच आजारी होतं.

हे पुस्तकात आहेच. लॅक्टेट फक्त प्राणवायू कमी पडला म्हणून वाढत नाही. अॅड्रेनलिनने वाढतं, सालब्युटामॉलने वाढतं, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू असताना किडनी बिघडली तर वाढतं, फिट येऊन गेल्यावर वाढतं. पण रात्री अडीचला समोर नुसता आकडा असतो, त्याचं कारण छापून येत नाही.

तरीही त्या बाईच्या केसनंतर मी लॅक्टेट सोडलं नाही. नियम थोडा सैल केला, आरएमओंना (युनिटमधल्या निवासी डॉक्टरांना) समजावलं आणि पुढे चालू ठेवलं. खरा निर्णय झाला तो कार्ट्रिजमुळे.

छोट्या युनिटला परवडणारी बरीचशी मशिन्स कार्ट्रिजवर चालतात. आमच्या मशीनमध्ये कार्ट्रिज एकदा चढवलं की त्याचं आयुष्य महिनाभराचं, टेस्ट शिल्लक असोत वा नसोत. आठ खाटांत कधी दिवसाला दोन नमुने, कधी बारा. डिसेंबरात निम्म्या टेस्ट वाया जायच्या आणि सप्टेंबरात विसाव्या दिवशीच कार्ट्रिज संपत यायचं. मे महिन्यात लाईट गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर अर्धं भरलेलं कार्ट्रिजही मशीन परत स्वीकारायचं नाही. हेही एक वेळ सोसलं असतं. लॅक्टेटचा सेन्सर एन्झाइमवर चालतो, आणि आमच्याकडे पीएच, सोडियम, पोटॅशियम ठणठणीत असताना तोच आधी थकायचा. कागद बाहेर यायचा, सगळे आकडे नीट छापलेले आणि लॅक्टेटपुढे नुसती टिंबं. मग आरएमओ पुन्हा धमनीत सुई घालणार, सूज आलेल्या मनगटावर तिसऱ्यांदा. पुन्हा टिंबं.

एका महिन्याच्या शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरने फोन केला, ‘सर, दोनच टेस्ट उरल्यात आणि लॅक्टेट तिघांचं करायचंय. कोणाचं करू?’ मी दोन खाटांचे नंबर सांगितले आणि फोन ठेवल्यावर पलंगावर उठून बसलो. कोणत्या रुग्णाकडे किती वेळा बघायचं हे साठा ठरवत होता. या एका गोष्टीचा मला जो वैताग आला तो आजतागायत गेलेला नाही.

तिसऱ्या रुग्णासाठी त्या रात्री सिस्टरला मी सीआरटी बघायला सांगितलं होतं. नाइलाज म्हणून. २०१९ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अँड्रोमेडा-शॉकचा निबंध तोवर वाचून झाला होता, वापरात आणला नव्हता. चिलीच्या ग्लेन हर्नांडेझ यांच्या गटाने दक्षिण अमेरिकेतल्या ५ देशांतल्या २८ आयसीयूंत ४२४ रुग्णांवर ही चाचणी केली. एका गटात दर दोन तासांनी लॅक्टेट, दुसऱ्यात दर अर्ध्या तासाने सीआरटी. २८ दिवसांतले मृत्यू लॅक्टेट गटात ४३.४ टक्के, सीआरटी गटात ३४.९ टक्के. पी व्हॅल्यू ०.०६, म्हणजे काटेकोर नियमाने सिद्ध झालं असं म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. पण सीआरटी गटाला पहिल्या आठ तासांत पाणी कमी लागलं आणि ७२ तासांनी त्यांचे अवयव अधिक सावरलेले होते. रामटेकच्या बाईची फाइल ज्याने पाहिली आहे त्याला एवढं पुरतं. मला तरी पुरलं.

२०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस मार्गदर्शक सूचनांनी सीआरटीला जोडीला वापरण्याचं साधन म्हणून जागा दिली, शिफारस मात्र दुबळीच ठेवली. मग २०२५ मध्ये अँड्रोमेडा-शॉक-२ आला : १९ देश, चौदाशेहून अधिक रुग्ण. त्यात सीआरटीच्या मागे जाणारा गट एकत्रित निकालात (मृत्यू, आधाराचे दिवस आणि इस्पितळातला मुक्काम मिळून) नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा पुढे राहिला, पण मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. फरक पडला तो मुख्यतः औषधं, व्हेंटिलेटर, डायलिसिस यांच्या आधारावर किती दिवस काढावे लागले यात. ज्यांच्या घरी आयसीयूचा एकेक दिवस शेतीच्या तुकड्यात मोजला जातो, त्यांच्यासाठी हा फरक मी लहान मानत नाही.

पद्धत मात्र नेमकी पाळायला हवी. नखावर टिचकीभर दाब देऊन ‘दोन सेकंद’ म्हणणं म्हणजे सीआरटी नव्हे. उजव्या तर्जनीच्या पेराच्या आतल्या बाजूला काचेची स्लाइड टेकवायची, कातडी पांढरी पडेपर्यंत दाब वाढवायचा, मग तेवढाच दाब १० सेकंद धरायचा, सोडायचं आणि रंग परत यायला लागलेला वेळ घड्याळावर मोजायचा. तीनच्या वर गेला तर बिघाड. नखाऐवजी पेर घेतल्याने नेलपॉलिश काढत बसावं लागत नाही.

आता अडचणी, कारण त्या आहेत. कापूस वेचणाऱ्या, धान रोवणाऱ्या बायांच्या पेरांची कातडी इतकी जाड आणि चिरलेली असते की खालचा रंग दिसतच नाही. नागपंचमी, हरतालिका आणि लग्नसराईत बोटं मेंदीने भरलेली. डिसेंबरातल्या पहाटे किंवा एसीच्या झोताखालच्या खाटेवर निरोगी माणसाचंही बोट चार सेकंद घेतं. आणि माझे तीन सेकंद ते आरएमओचे चार. यावर आम्ही बसवलेली घडी अशी : झोताखालची खाट हलवली, हात आधी दहा मिनिटं पांघरुणात ठेवायचा, टॉर्च नेहमी एकच, एका पाळीत एकाच माणसाने मोजायचं, दोनदा मोजून सरासरी लिहायची. पेर निकामीच असेल तर गुडघा बघतो, पण तिथे नेमक्या सेकंदांपेक्षा आधीच्या तुलनेत सुधारतंय की नाही एवढंच धरतो.

नातेवाइकांची अडचण मला सुरुवातीला सुचलीच नव्हती. भिवापूरच्या एका मुलाने दोन तास बघून शेवटी विचारलं, ‘साहेब, आईचं बोट दाबून काय पाहून राहिले? मशीन बिघडली का?’ मी त्याचंच बोट दाबून दाखवलं, मग आईचं. त्याने स्वतः मोजलं. दुसऱ्या दिवशी मी राउंडला पोचायच्या आत तोच म्हणाला, ‘आज लवकर लाल होऊन राहिलं, साहेब.’ लॅक्टेटच्या कागदावर कुणी माझ्याशी असं बोललेलं आठवत नाही.

सीआरटी लांबलं म्हणजे लगेच पाणी, असं मात्र करू नका. तसं केलंत तर माझीच जुनी चूक नव्या आकड्यावर होईल. अँड्रोमेडा-२ मधली पहिली पायरी खाटेपाशी सहज जमते. वरच्या आणि खालच्या बीपीतलं अंतर ४० पेक्षा कमी असेल तर पाय उचलून किंवा इको करून बघा, पाण्याला प्रतिसाद मिळतोय का. मिळत असेल तरच द्या. अंतर पुरेसं आहे पण खालचं बीपी ५० च्या आत आहे, तर आधी नॉरअॅड वाढवा.

मशीन घ्यावं कुणी? ज्यांच्याकडे वीस खाटा आहेत, चोवीस तास लॅब त्याच इमारतीत आहे, रोजचे नमुने भरपूर आहेत, त्यांनी जरूर घ्यावं. कार्ट्रिजचा माझा वैताग त्यांना जाणवणारही नाही. दोन्ही हात भाजलेला रुग्ण, हातापायाच्या रक्तवाहिन्याच अरुंद झालेला जुना मधुमेही, इथे मीही लॅक्टेटकडेच वळतो.

काटोलच्या सहा खाटांसाठी मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, भरती करताना एक लॅक्टेट जवळच्या लॅबमधून करून घ्या. नमुना फ्लोराइडच्या नळीत, बर्फात आणि लगेच पाठवा, कारण नळीतल्या लाल पेशी लॅक्टेट बनवतच राहतात आणि उशीर झाला की आकडा फुगतो. सहा-आठ तासांनी वाटलं तर दुसरं करा. मधल्या वेळात दर अर्ध्या तासाने बोट, नॉर्मल झालं की तासाने. मशीनचे पैसे आधी चांगल्या इको प्रोबमध्ये घाला.

स्लाइड घासलेल्या कडांचीच मागवा. साध्या कडेने म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी चिरते, हे आमच्याकडे एकदा झालं आहे. आमचा डबा क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या गाडीच्या) वरच्या खणात, लॅरिंगोस्कोपच्या शेजारी असतो.