जुनी अर्टिगा की जुनी कॅरेन्स? स्टारच्या आधी बनावटीचा महिना बघा

सात जण बसतील अशी गाडी हवी, नवीन घ्यायला पैसे कमी पडतायत, म्हणजे सेकंड हँडच्या बाजारात फिरून फिरून दोनच नावांवर गाडी येते: मारुतीची अर्टिगा आणि कियाची कॅरेन्स. दोन्ही धडक-चाचणीत ‘थ्री स्टार’ मिळालेल्या म्हणून खपवल्या जातात. एजंट खोटं बोलत नसतो, स्टार कुठल्या सालचे तेवढं मात्र सांगत नाही.

अर्टिगाचे तीन स्टार २०१९ चे. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून स्टार देणाऱ्या संस्थेने तेव्हा दोन एअरबॅगची गाडी ताशी ६४ किलोमीटरने समोरच्या अडथळ्यावर नेली, तीही अर्ध्याहून कमी तोंड आपटेल अशी. मोठ्यांसाठी तीन, मुलांसाठी तीन स्टार मिळाले. पण गाडीचा सांगाडा ‘अस्थिर’ ठरला, म्हणजे याहून जास्त मार तो झेलू शकणार नाही. जुलै २०२२ पासून या चाचणीचे नियम कडक झाले. बाजूची धडक, गाडी घसरताना सावरणारी ईएससी, पादचाऱ्याला कितपत इजा होते, हे सगळं त्यात आलं. २०२४ मध्ये भारतात बनलेली, आफ्रिकेत विकली जाणारी अर्टिगा या नव्या परीक्षेला बसली. निकाल मोठ्यांसाठी एक स्टार, मुलांसाठी दोन. सांगाडा पुन्हा अस्थिर.

आता कॅरेन्स. फेब्रुवारी २०२२ मध्ये आली तीच सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग घेऊन. त्याच वर्षी जुन्या नियमांनी चाचणी झाली, तर मोठ्यांसाठी १७ पैकी ९.३० गुण आणि तीनच स्टार. इथेही सांगाडा अस्थिर. एअरबॅग मोजून गाडी पसंत करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. २०२४ मध्ये नव्या नियमांखाली तिचे दोन निकाल लागले. २०२३ मध्ये बनलेल्या गाडीला मोठ्यांसाठी चक्क शून्य स्टार, कारण समोरच्या धडकेत ड्रायव्हरच्या मानेला पुरेसं संरक्षण नव्हतं. सुधारणा करून आणलेल्या गाडीला मोठ्यांसाठी तीन आणि मुलांसाठी ४९ पैकी ४१ गुणांसह पाच. नाव तेच, रूप तेच, आणि मोठ्यांच्या सुरक्षेत शून्यावरून थेट तीन स्टार.

गंमत पुढे आहे. एक स्टारवाल्या अर्टिगाचे मोठ्यांचे गुण ३४ पैकी २३.६३, तर तीन स्टारवाल्या कॅरेन्सचे २२.०७. कमी गुणांना जास्त स्टार कसे? नव्या पद्धतीत नुसते गुण पुरत नाहीत; वरचा स्टार हवा तर ठरावीक सुरक्षा सोयीही गाडीत असाव्या लागतात. आफ्रिकेतल्या आणि आपल्याकडच्या अर्टिगात या सोयी तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून तो एक स्टार जसाच्या तसा आपल्या गाडीला चिकटवणं बरोबर नाही. सांगाड्याचा शेरा मात्र मी गंभीरपणे घेईन. जुलै २०२५ पासून अर्टिगात सहा एअरबॅग सरसकट आल्या, त्याने तो शेरा पुसला जात नाही.

आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कुणी काढत नाही. या चाचण्यांत पुतळे पुढच्या सीटांवर आणि मधल्या रांगेत असतात. तिसरी रांग रिकामी, आणि मागून धडक दिलीच जात नाही. घरातली पोरं हमखास मागे चढतात, तिथल्या सुरक्षेबद्दल एकही स्टार काही बोलत नाही.

रिकॉलची, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या तपासायला परत बोलावल्याची, यादी दोघींचीही आहे. अर्टिगा: २०१९ मध्ये मारुतीच्याच सियाझ आणि एक्सएल६ सह ६३,४९३ गाड्या, स्मार्ट हायब्रिडच्या मोटर जनरेटर युनिटसाठी (इंजिनाला हातभार लावणारी विजेची मोटर), २०२१ मध्ये त्याच भागासाठी पाच मॉडेल मिळून १,८१,७५४, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पाच मॉडेल मिळून ९,१२५ गाड्या, पुढच्या सीटबेल्टची उंची कमी-जास्त करणाऱ्या भागासाठी. कॅरेन्स: ऑक्टोबर २०२२ मध्ये ४४,१७४ गाड्या, एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलचं सॉफ्टवेअर तपासायला, २०२३ मध्ये ३०,२९७, मीटरचा डिस्प्ले कोरा पडू शकतो म्हणून. आकडा मोठा म्हणून मी बिचकणार नाही. सीटबेल्ट आणि एअरबॅग या दोन रिकॉलांचं मात्र काम झालंय का, हे पैसे देण्याआधी कळलंच पाहिजे. निरोप जातो तो कंपनीच्या नोंदीतल्या नंबरवर, म्हणजे बहुधा पहिल्या मालकाला. गाडी तिसऱ्या हातात गेली की कुणाला पत्ताच नसतो.

माझा कौल: लहान मुलं असतील आणि हायवेचा प्रवास जास्त असेल, तर २०२४ किंवा त्यानंतर बनलेली कॅरेन्स. २०२३ ची स्वस्तात मिळाली तरी मी सोडून देईन. रोजचं धावणं भरपूर आणि सीएनजीशिवाय परवडत नसेल, तर त्या वर्षांत या दोघींपैकी कंपनीची सीएनजी अर्टिगातच होती. मग २०२२ च्या एप्रिलनंतरचं मॉडेल बघा आणि वेगाला लगाम ठेवा. बजेट ताणता येत असेल, तर इनोव्हा हायक्रॉसला २०२५ मध्ये भारत एनकॅपमध्ये (आपल्याकडची तशीच धडक-चाचणी) पाच स्टार मिळालेत, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.४७ गुण. ती वेगळ्याच इयत्तेतली गाडी आहे आणि किंमतही तशीच.

व्यवहाराला जाताना आरसीवर नोंदणीची तारीख नाही, बनावटीचा महिना-वर्ष बघा. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये पास झालेली असू शकते. चेसिस नंबरचा फोटो काढा, अर्टिगाचा एमए३ ने सुरू होतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. रिकॉलचं काम बाकी निघालं तर ते फुकट होतं, मालक कितवाही असो. ते विकणाऱ्यानेच करून, जॉबकार्डाची प्रत हातात दिली की मग टोकन द्या.